धन्यवादित कियारा बदानो : वेदनेच्या शय्येवरील प्रसन्नता

२९ ऑक्टोबर रोजी ख्रिस्तसभा धन्यवादित कियारा बदानो हिचा सण साजरा करते. इटलीतील सासेल्लो या डोंगराळ गावी १९७१ साली याच दिवशी तिचा जन्म झाला. अकरा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर आईवडिलांना लाभलेले ते एकुलते एक अपत्य. वडील ट्रकचालक होते. नवव्या वर्षी ती फोकोलारे चळवळीच्या सहवासात आली. टेनिस, पोहणे व संगीत यांची तिला आवड. शाळेत मात्र एकदा ती नापासही झाली होती.

१९८८ च्या उन्हाळ्यात टेनिस खेळताना तिच्या खांद्यात असह्य कळ आली. तपासण्यांअंती हाडाच्या कर्करोगाचे निदान झाले. आजाराचे गांभीर्य उमगले त्या दिवशी घरी परतून ती पंचवीस मिनिटे बिछान्यावर निःशब्द पडून राहिली, मग आईकडे वळून हसली. पुढे तिचे पाय लुळे पडले. साठवलेले पैसे तिने आफ्रिकेतील बेनिन येथे सेवेस निघालेल्या मित्राच्या स्वाधीन केले.

कर्करोगाची गाठ हाड पोखरते, मज्जातंतूंवर दाब आणते. कूस बदलली तरी कळ उठते. तरीही कियाराने मॉर्फिन नाकारले. शुद्ध शाबूत ठेवून आपली वेदना प्रभू येशूला अर्पण करावी, अशी तिची इच्छा होती. परंतु हा तिचा वैयक्तिक निर्णय होता. तो इतरांवर लादणे अन्यायाचे ठरेल. अन्य उपाय नसल्यास, गुंगी येण्याचा वा आयुष्य घटण्याचा संभव असला तरी वेदनाशामक औषध देणे योग्य आहे, असे पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच स्पष्ट केले होते. आपल्याकडे व्यसनाच्या धास्तीने मॉर्फिन टाळले जाते आणि रुग्ण रात्रभर कण्हत राहतो. वास्तविक डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कळ उठण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी दिलेले मॉर्फिन, सोबत बद्धकोष्ठावरील औषध, हाडांना बळकटी देणारी इंजेक्शने, यांनी पुष्कळ आराम पडतो. हाडांत पसरलेल्या कर्करोगात रेडिएशनची एकच मात्राही अनेकदा पुरते. बांद्र्याच्या शांती अवेदना सदनात १९८६ पासून अशा रुग्णांची शुश्रूषा होत आली आहे. अवेदना म्हणजे वेदनेचा अभाव, हे नाव किती समर्पक!

७ ऑक्टोबर १९९० रोजी पहाटे कियाराने देह ठेवला. तिच्याच इच्छेनुसार तिला वधूसारखा शुभ्र पोशाख घालण्यात आला, आणि तिच्या नेत्रपटलांनी दोन तरुणांना दृष्टी मिळाली. २५ सप्टेंबर २०१० रोजी रोम येथे तिला धन्यवादित घोषित करण्यात आले. त्या सोहळ्यास तिचे आईवडील उपस्थित होते.