धूळपाटीची ‘मद्रास पद्धती’ : डॉ. अँड्र्यू बेल

धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवणे ही आपल्या पंतोजींच्या शाळांतील जुनी रीत. अशीच एक रीत मद्रासहून, म्हणजे आजच्या चेन्नईहून, इंग्लंडला गेली आणि तेथे ‘मद्रास पद्धती’ म्हणून गाजली. ती नेणारे डॉ. अँड्र्यू बेल यांचा जन्म १७५३ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे झाला. १७८७ मध्ये ते मद्रासला आले. दोन वर्षांनी एग्मोर येथील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेची देखरेख त्यांच्याकडे आली.

मुले वर्षानुवर्षे मुळाक्षरांतच अडकून पडत. एकदा घोड्यावरून जाताना बेल यांना एका देशी शाळेतील मुले वाळूवर अक्षरे काढताना दिसली. त्यांनी हीच रीत आपल्या शाळेत सुरू करण्यास सांगितले. पण शिक्षकांनी ते अशक्य ठरवले. वाद न घालता बेल यांनी सर्वांत खालचा वर्ग जॉन फ्रिस्केन या आठ वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हाती दिला, आणि मुले अक्षरे शिकली.

येथे थांबले असते तर ती एक युक्तीच ठरली असती. बेल यांनी तिची व्यवस्था बांधली. धडे लहान केले. एक पक्का झाल्यावाचून पुढचा नाही. पुढे गेलेल्या मुलाने मागच्याला शिकवायचे. रोज किती धडे झाले याची नोंद ठेवायची आणि प्रगतीप्रमाणे मुलाचा वर्ग बदलायचा. मूल अडले तर आधी शिकवण्याची रीत तपासावी, ही दृष्टी त्या काळी विरळाच होती.

१७९६ मध्ये ते मायदेशी परतले व पुढील वर्षी त्यांनी या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. जोसेफ लँकेस्टर यांनीही अशीच पद्धत चालवली आणि श्रेयावरून दोघांच्या अनुयायांत मोठे रण माजले. वाळूवर लिहिणाऱ्या त्या मुलांच्या पंतोजींचे नाव या वादात कोणी घेतले नाही! मुंबई इलाख्यातील आरंभीच्या नव्या मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करतानाही लँकेस्टर यांच्या पद्धतीचा आधार घेतला गेला.

पद्धतीत उणिवा होत्याच. शिकवणाऱ्या मुलाला जेवढे येई त्यापलीकडे वर्ग जात नसे, घोकंपट्टी वाढली. गरिबांच्या मुलांना वाचनापलीकडे फारसे शिकवण्याची गरज नाही, हे बेल यांचे मत तर आज खटकतेच.

१८३२ मध्ये ते निवर्तले. आपली मोठी संपत्ती त्यांनी शिक्षणासाठी ठेवली होती. तिच्यातून त्यांच्या जन्मगावी उभी राहिलेली शाळा ‘मद्रास कॉलेज’ याच नावाने आजही भरते.