दुसरे टिळक

टिळक म्हटलं की आपल्याला लोकमान्यच आठवतात. पण 'केवढे हे क्रौर्य' ही कविता शाळेत असलेल्यांना ती जखमी पक्षीण आठवत असेल. तिचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. आडनाव ब्राह्मणाचं आणि पदवी पाद्र्याची, हे कसं काय?

नारायणरावांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. संस्कृत पक्कं, कीर्तन-काव्याची आवड, पण एका जागी टिकणं नाही! १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते खिळून गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा सोबत नव्हत्या. पदरात लहानगा दत्तू. धर्म बुडवलेल्या नवऱ्याकडे जायचं कसं? त्या पंढरपूरला नातलगांकडे राहिल्या. जवळजवळ पाच वर्षं ताटातूट! इथे मला टिळकांचा रागच येतो. देव त्यांना सापडला, पण त्याची किंमत बायकोनेही मोजली.

शेवटी लक्ष्मीबाई नगरला (आजचं अहिल्यानगर) परतल्या, पण आपल्या अटींवर. सोवळं वेगळं, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, हे मात्र मान्य करायला हवं. पुढे जातपात माणसाने केली, देवाने नाही, हे बाईंना स्वतःच उमगलं आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी धर्म बदलला, पण नाव, आडनाव काही बदललं नाही. चर्चमध्ये इंग्रजी चालींची भाषांतरित गाणी चालत, तिथे त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन आणलं. आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत आलो असं ते मानत. ख्रिस्ती व्हायचं म्हणजे साहेब व्हायचं, हे त्यांना कधीच पटलं नाही. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ते साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. तिथे बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

९ मे १९१९ ला ते मुंबईत वारले. ख्रिस्ताचं चरित्र ओवीत सांगणारं 'ख्रिस्तायन' जेमतेम दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. ज्यांना शाळेचं तोंड माहीत नव्हतं, त्यांनी आणखी चौसष्ट अध्याय लिहिले!