वृंदावनी वस्त्र आणि शंकरदेव

आपल्या संतमालिकेत शिंपी आहेत, कुंभार आहेत, माळी आहेत. पण मागापाशी बसून विणकरांकडून कृष्णाचे सारे बालपण रेशमात विणून घेणारा संत पाहायचा असेल, तर थेट ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात जावे लागते. श्रीमंत शंकरदेव हे त्यांचे नाव. भक्तिचळवळीच्या धड्यात हे नाव आपल्याकडे एका ओळीत येते आणि पुढच्या ओळीत दुसरेच कोणी सुरू होते. त्या एका ओळीने माझे समाधान झाले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

शंकरदेवांचा जन्म १४४९ सालचा, आजच्या नगाव जिल्ह्यातील बरदोवाजवळचा. घराणे भुइयां सरदारांचे, म्हणजे खाऊनपिऊन सुखी. मात्र आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि आजी खेरसुतीने नातवाला वाढवले. बाराव्या वर्षी तिने त्याला महेंद्र कंदली यांच्या पाठशाळेत घातले. पुढे लग्न झाले, एक मुलगी झाली आणि पत्नी सूर्यवती वारली. मुलीचे लग्न लावून दिल्यावर हा तरुण सरदार तीर्थयात्रेला निघाला, तो सुमारे बारा वर्षांनी परतला. जगन्नाथपुरीचा त्याच्या मनावर खोल ठसा उमटला होता. परतल्यावर सरदारकीत त्याचे मन रमले नाही. त्याने भागवत असमिया भाषेत आणले, कीर्तने रचली, नाटके लिहिली. ‘चिह्नयात्रा’ या नाटकासाठी सात वैकुंठांचे पडदे त्याने स्वतः रंगवले असे चरित्रे सांगतात. पुढच्या वस्त्राचे बीज मला या पडद्यांतच दिसते. आपले एकनाथ पैठणचे. पैठणीच्या गावात राहून त्यांनीही भागवतच मराठीत आणले. दोघांच्या आयुष्यांची काही वर्षे एकाच काळात गेली, ही गोष्ट मला मोठी मौजेची वाटते.

माझ्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाची घटना १५२२ च्या सुमाराची. माधवदेव नावाचा एक बुद्धिमान, हट्टी शाक्त तरुण. आई आजारी पडली म्हणून त्याने देवीला बोकडांचा नवस केला होता. बोकड आणायचे काम मेहुण्याकडे, रामदासाकडे होते. पण तो शंकरदेवांच्या पंथाला लागलेला, त्याने ते आणलेच नाहीत. चिडलेला माधवदेव जाब विचारायला थेट गुरूच्या दारात गेला. वाद कित्येक तास चालला. झाडाच्या मुळाला पाणी घातले की फांद्यांना वेगळे घालावे लागत नाही, या भागवतातील दृष्टांतापाशी तो संपला. बोकड वाचले आणि शंकरदेवांना आयुष्यभराचा शिष्य मिळाला.

सुखाचे दिवस मात्र आले नाहीत. आहोम राजाच्या हत्ती पकडण्याच्या मोहिमेत हत्ती निसटले. त्याचा राग भुइयांवर निघाला. शंकरदेवांच्या जावयाचा शिरच्छेद झाला, माधवदेव काही महिने कैदेत पडले. अखेर शंकरदेव पश्चिमेला कोच राज्यात गेले आणि बरपेटाजवळ पाटबाउसी येथे त्यांनी सत्र स्थापले. शिष्यांमध्ये चांदसाई हा मुसलमान शिंपी होता, तसेच शेजारच्या तांतिकुचीचे विणकरही होते. तेथेही पुरोहितांनी राजा नरनारायणाचे कान भरले, शिष्यांचा छळ झाला. पण शंकरदेव दरबारात उभे राहिले आणि राजाच वळला.

या राजाचा भाऊ, सेनापती चिलाराय, शंकरदेवांच्या तोंडून कृष्णलीला ऐकत असे. ऐकलेले डोळ्यांनी पाहायला मिळावे, अशी त्याला इच्छा झाली. शंभरी ओलांडलेल्या शंकरदेवांनी ते काम अंगावर घेतले. चित्रे ठरवली, रंग निवडले. तांतिकुचीच्या गोपाळ नावाच्या विणकराकडे प्रमुखपद दिले. हाच पुढे मथुरादास बुढा आता म्हणून बरपेटा सत्राचा प्रमुख झाला. विणकराच्या हाती सत्राची सूत्रे! चरित्रांनुसार वस्त्र १२० हात लांब आणि ६० हात रुंद होते. एवढ्या रुंदीचा माग असणे शक्य नाही. अरुंद पट्ट्या विणून त्या शेजारी शेजारी जोडायच्या, हीच रीत. चित्र उठवण्यासाठी उभ्या धाग्यांचे दोन वेगळे संच लागत, आणि प्रत्येक फेरीला योग्य तेच धागे उचलावे लागत. कृष्णाचा जन्म, कालियामर्दन, बकासुराचा वध, हे सारे असे धाग्याधाग्याने उभे राहिले.

इथे माझे मन अडखळते. बोकड वाचवणाऱ्या माणसाने रेशीम का निवडले? तुतीच्या रेशमाचा अखंड धागा हवा तर कोश उकळावा लागतो आणि आतला जीव मरतो. आमच्या घरी आजोबा सोवळ्यात पूजेला बसत ते रेशमी कद नेसूनच, आणि कोशातल्या किड्याचा विचार कोणाच्या मनाला शिवत नसे. म्हणून हा प्रश्न मी शंकरदेवांच्या तोंडी घालणार नाही. तो माझा आहे. त्याचे अर्धे उत्तर त्यांच्याच प्रदेशात सापडते. आसामात पाट आणि मुगा यांच्या जोडीला एरी रेशीम असते. एरंडाच्या पानांवर वाढतो तो एरी. त्याचा कोश एका टोकाला उघडा असतो, त्यातून पतंग सुखरूप बाहेर पडू शकतो आणि मागे राहिलेला कोश कापसासारखा कातता येतो. सूत जाडसर, रंग मळकट पांढरा, ऊब लोकरीसारखी. अर्धे उत्तर अशासाठी, की त्या भागात अनेक घरांत एरीचे कोशातले किडे आवडीने खाल्ले जातात. म्हणजे एरी म्हटले की जीव वाचलाच असे नाही. वाचवायचा ठरवला तर वाचवता येतो, एवढेच.

वस्त्र राजाला अर्पण झाले आणि त्यानंतर लवकरच, १५६८ साली, शंकरदेवांनी कोचबिहारात देह ठेवला. आयुष्य ११९ वर्षांचे धरतात. त्या परंपरेतले विणकाम मात्र पुढे शतकभर तरी चालू राहिले. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातील नऊ मीटरहून लांब वस्त्र बारा पट्ट्या जोडून केलेले आहे, आणि तज्ज्ञ त्याचा काळ १६८० च्या आसपासचा मानतात. ते आसामातून तिबेटात पोचले होते. १९०३-०४ च्या इंग्रजांच्या तिबेट मोहिमेत ‘टाइम्स’चे बातमीदार पर्सिव्हल लँडन यांना ते गोबशी येथे मिळाले, आणि १९०५ मध्ये ते संग्रहालयात आले. ते आसामचे आहे हे ओळखले जायला त्यानंतर आणखी ऐंशीहून अधिक वर्षे लागली. तोवर ते तिबेटी म्हणूनच नोंदलेले होते.