सतरा आकडी संख्या आणि देवळालीचे कापरेकर सर

११ ला ११ ने गुणा: १२१. १११ ला १११ ने गुणा: १२३२१. आता नऊ वेळा १ लिहा आणि त्या संख्येला तिनेच गुणा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. पुढून वाचा, मागून वाचा, सारखंच!

या संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव देणारे द. रा. कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. आई लहानपणीच गेली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले. पुढची पदवी नाही. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते.

डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली. त्या स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून नावही तेच. पुढे १९४८ मध्ये त्यांनी यावर पुस्तक काढलं.

हे घडतं कसं?

उभा गुणाकार मांडला की १ च्या ओळी एकेक घर सरकत जातात. मधल्या रकान्यात जास्तीत जास्त नऊ १ येतात, म्हणून हातचा लागत नाही. दहा वेळा १ घेतलात तर मध्ये १० येतात, हातचा पुढे जातो आणि नक्षी मोडते.

आणखी एक गंमत. या सतरा आकड्यांची बेरीज ८१, आणि ८१ ने ही संख्या पूर्ण भागली जाते. भागाकारही १२३४५६७९ चा वर्ग (यात ८ नाही, बघा). स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी नाव दिलं ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी.

कोड इथे चुकतो

जावास्क्रिप्टमध्ये साधा नंबर वापरून हाच गुणाकार केलात तर शेवटी १ ऐवजी ० येतो. तिथे पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच हमखास अचूक असतात. आपली संख्या त्याच्या पुढची आणि विषम, त्यामुळे शेजारची सम संख्या साठवली जाते. एरर वगैरे काही दिसत नाही. बिगइंट वापरला की उत्तर बरोबर येतं.

दाद उशिरा मिळाली

असले आकड्यांचे खेळ म्हणजे खरं गणित नव्हे, असं तेव्हाच्या अनेक गणितज्ञांना वाटायचं. सरांनी पुष्कळसं लेखन स्वतःच छापलं. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ सापडला. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार आकडी संख्या घ्या. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतोच. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा नाव जगभर गेलं. तोवर सर सत्तरीचे झाले होते. निवृत्तीनंतर पेन्शन पुरत नव्हती, म्हणून शिकवण्या घेत होते. १९८६ मध्ये ते गेले.

आज रात्री वही काढा आणि नऊ १ चा गुणाकार हाताने करून बघा. शेवटचा १ सुटता कामा नये.