विश्लेषण : वायरलेस कंट्रोलरवरचे ‘अधिक’च्या आकाराचे बटण आले कुठून? कोण होते गुनपेई योकोई?

टीव्हीला जोडायचे जुने व्हिडीओ गेम आजही अनेकांच्या घरी आहेत. वायर तुटलेली, आखूड पडणारी. म्हणून अनेक जण त्यांना आता वायरलेस कंट्रोलर जोडतात. कंट्रोलर नवा, गेम 40 वर्षांपूर्वीचा. तरी डाव्या अंगठ्याखालचे अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण तेच असते. ते आपल्याला दिले जपानच्या गुनपेई योकोई यांनी. स्वस्त आणि जुन्या तंत्रज्ञानातून नवे खेळ घडवणाऱ्या या अभियंत्याची ही ओळख.

यंत्रदुरुस्ती करणारा खेळणी का बनवू लागला?

योकोई यांचा जन्म 10 सप्टेंबर 1941 रोजी क्योटोमध्ये झाला. दोशिशा विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकून ते 1965 मध्ये निन्टेंडोत लागले. ही कंपनी तेव्हा पत्त्यांसाठी ओळखली जाई. पत्ते छापणाऱ्या यंत्रांची देखभाल हे योकोई यांचे काम. रिकाम्या वेळात त्यांनी कात्रीसारखा लांब होणारा, टोकाला वस्तू पकडणारा एक हात गंमत म्हणून बनवला होता. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला. कामाच्या वेळेत खेळ केल्याबद्दल बोलणी बसतील, अशी भीती होती, झाले उलटेच. यामाउची यांनी त्याचेच खेळणे बनवायला सांगितले. 1966 मध्ये बाजारात आलेल्या त्या ‘अल्ट्रा हँड’ची विक्री 10 लाखांच्या पुढे गेली. दुरुस्तीचे काम सुटले आणि खेळणी बनवणे हीच त्यांची नोकरी झाली.

वायरलेसशी त्यांचा संबंध काय?

1972 मध्ये त्यांनी ‘लेफ्टी आरएक्स’ ही रिमोटवर चालणारी मोटार आणली. त्या काळी रेडिओ नियंत्रणाची खेळणी फार महाग होती, कारण प्रत्येक हालचालीसाठी वेगळा संकेत लागे. योकोई यांनी संकेत एकच ठेवला. मोटार सरळ धावे आणि बटण दाबले की फक्त डावीकडे वळे. गोल मैदानावरच्या शर्यतीला तेवढे पुरे होते. खर्च उतरला आणि सामान्य घरातल्या मुलाच्या हातात बिनतारी खेळणे आले.

पुढे 1985 मध्ये त्यांच्या विभागाने ‘रॉब’ हा छोटा यंत्रमानव बनवला. तो टीव्हीसमोर ठेवायचा. पडद्यावरचे उजेडाचे लुकलुकणे त्याच्या डोळ्यांतील सेन्सर टिपत आणि तो हात हलवी. गेम आणि यंत्रमानव यांच्यात वायर नव्हती. त्याच्यासाठी दोनच गेम निघाले. पण 1983 नंतर अमेरिकेतील व्हिडीओ गेमचा बाजार कोसळला होता आणि दुकानदार गेम ठेवायला तयार नव्हते. खेळण्याच्या रूपात आलेल्या रॉबमुळे निन्टेंडोच्या कन्सोलला तिथल्या दुकानांत शिरकाव मिळाला.

‘अधिक’चे बटण का लागले?

बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसलेला योकोई यांनी पाहिला आणि खिशातल्या गेमची कल्पना त्यांना सुचली, असे सांगितले जाते. कॅल्क्युलेटरचे पडदे तेव्हा स्वस्त झाले होते. त्यांतून 1980 मध्ये ‘गेम अँड वॉच’ आला. या मालिकेचे चार कोटींहून अधिक नग जगभर खपले.

1982 मध्ये ‘डाँकी काँग’ हा गेम या छोट्या यंत्रात बसवायचा होता. त्यात पात्राला चारही दिशांना हलवावे लागे. दुकानांतल्या मोठ्या यंत्रांवर त्यासाठी उभी दांडी असे. मिटून खिशात ठेवायच्या यंत्रावर ती कशी बसणार? योकोई यांनी चार दिशांची एकच सपाट फुली केली. एक बाजू दाबली की समोरची बाजू वर उचलते, त्यामुळे डावे-उजवे एकदम दाबले जात नाही. खाली न पाहता अंगठ्याला दिशा कळते. 1983 मध्ये ‘फॅमिकॉम’ या कन्सोलच्या कंट्रोलरवर तेच बटण आले आणि तिथून जगभर पसरले.

जुन्या कन्सोलला वायरलेस कंट्रोलर चालतो कसा?

कन्सोल सेकंदाला साधारण 60 वेळा कंट्रोलरला विचारतो, की आत्ता कोणती बटणे दाबलेली आहेत? वायरच्या कंट्रोलरमधील एक साधी चिप आठ बटणांची स्थिती टिपते आणि एकामागून एक कळवते. वायरलेस रिसीव्हर जुन्या पोर्टमध्ये बसतो, ब्लूटूथवरून बटणांची माहिती घेतो आणि त्या चिपच्याच पद्धतीने उत्तर देतो. समोर वायर आहे की नाही, हे कन्सोलला कळतच नाही. रिसीव्हरला वीजही सहसा त्याच पोर्टमधून मिळते.

दोन गोष्टी मात्र तपासून घ्याव्यात. पहिली, पोर्ट. अमेरिकेतील मूळ कन्सोलला सात पिनांचे पोर्ट आहे. जपानी फॅमिकॉमचे कंट्रोलर कन्सोललाच कायमचे जोडलेले असल्याने त्याच्या रिसीव्हरसाठी पुढचे 15 पिनांचे पोर्ट वापरतात. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘कॅसेट’ घालून खेळले जाणारे बरेचसे गेम फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यांना बहुतेकदा नऊ पिनांचे पोर्ट असते आणि परदेशी रिसीव्हर त्यात बसत नाही. दुसरी गोष्ट, विलंब. बटण दाबल्यावर पात्र उशिरा उडी मारत असेल, तर दोष वायरलेसचाच असतो असे नाही. नवे टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घेतात. आधी टीव्हीवर ‘गेम मोड’ सुरू करून पाहावा.

योकोई यांचे सूत्र काय होते?

तंत्र नवेकोरे असताना महाग असते. ते मुरले, स्वस्त झाले, त्याच्या खोडी कळल्या, की मग त्याचा कुणाला न सुचलेला वापर शोधायचा. 1989 च्या ‘गेम बॉय’मध्ये हेच सूत्र दिसते. प्रतिस्पर्ध्यांचे पडदे रंगीत होते, पण त्यांना सहा पेन्सिल सेल लागत आणि ते लवकर संपत. गेम बॉयचा पडदा हिरवट, एकरंगी. सेल मात्र चारच आणि तेही खूप जास्त तास चालत. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून 11 कोटींहून अधिक नग विकले गेले.

मग अपयश कुठे आले?

1995 मध्ये त्यांचा ‘व्हर्च्युअल बॉय’ आला. डोळे लावून आत त्रिमितीय चित्र पाहायचे हे यंत्र. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी यातही एकच रंग, लाल. पण इथे साधेपणा कामी आला नाही. मान वाकवून खेळावे लागे, डोळे दुखत, चार जणांत बसून पाहता येत नसे. वर्षभरातच ते बाजारातून गेले. ऑगस्ट 1996 मध्ये योकोई यांनी सुमारे 31 वर्षांची नोकरी सोडली. या अपयशाशी त्यांचा राजीनामा अनेकदा जोडला जातो. मात्र जाण्यापूर्वी त्यांनी गेम बॉयची लहान आवृत्ती पूर्ण करून दिली होती.

त्यांनी क्योटोत ‘कोतो’ ही स्वतःची कंपनी काढली आणि ‘वंडरस्वान’ या नव्या हातातल्या कन्सोलवर काम सुरू केले. 4 ऑक्टोबर 1997 रोजी इशिकावा भागातील महामार्गावर त्यांच्या मोटारीचा अपघात झाला. नुकसान पाहायला ते खाली उतरले आणि दुसऱ्या वाहनाची धडक बसून त्यांचा मृत्यू झाला. वय होते 56. वंडरस्वान 1999 मध्ये बाजारात आला. तो एकाच पेन्सिल सेलवर चालत असे.

बंद पडलेला कन्सोल भंगारात देण्याआधी म्हणूनच एकदा त्याचे पोर्ट पाहावे. यंत्र शाबूत असेल, तर छोटा रिसीव्हर लावून ते पुन्हा चालू शकते. मुरलेल्या तंत्राला नवे काम देणे, हेच योकोई आयुष्यभर करत आले होते.