राजगडाचा गारवा

शिवनेरीवर १६३० मध्ये जन्मलेल्या छत्रपती शिवाजी महाराजांचे बिऱ्हाड सुमारे २५ वर्षे भोरशेजारच्या वेल्हे भागातील राजगडावर होते. १,३०० मीटरहून उंच अशा या गडावर उन्हाळाही सौम्य होतो; पाण्यासाठी पद्मावती तलाव व खोदीव टाकी होती. येथेच १६५९ मध्ये सईबाई निवर्तल्या, १६६६ मध्ये महाराज आग्र्याहून परतले, १६७० मध्ये राजारामांचा जन्म झाला. पुढे राजधानी रायगडी गेली. तेथेच १६८० च्या चैत्रात महाराजांचे देहावसान झाले. गडावरील झाडे जपावीत, रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, हा स्वराज्याचा दंडक रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात नोंदविला. आजचे वातानुकूलन यंत्र घरातील उष्मा शेजाऱ्याच्या खिडकीकडे लोटते. झाडाची सावली दोन्ही घरांना निववते.