संगीतसूर्य केशवराव भोसले : पोरवयातला नट ते नाटक कंपनीचा मालक



८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळाल्याची बातमी तुम्हीही पाहिली असेल. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. बातमी वाचून माझ्या चौथीच्या वर्गात एका मुलीने विचारलं की हे केशवराव कोण होते. मी म्हटलं, मोठे गायक नट होते. यापुढे मला काही सांगता येईना. आपण छत्रपती संभाजीनगरची माणसं एकनाथ रंगमंदिरात, तापडियात नाटकं बघतो, पण नाटक कंपनी चालवणं म्हणजे काय असतं हे आपल्यालाही फारसं ठाऊक नसतं. म्हणून मिळेल ते वाचलं आणि हा पाठ तयार केला. निबंधासाठी किंवा जयंतीच्या भाषणासाठी तुम्हाला उपयोगी पडेल.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील लवकर गेले. घरात खाणारी तोंडं होती, कमावणारं कुणी नव्हतं. आईने पोरांना स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत ठेवलं. तिथे दोन वेळचं जेवण तरी मिळायचं. त्या काळी नाटक कंपनी म्हणजे एक फिरतं मोठं बिऱ्हाड असायचं. नट, साथीदार, आचारी, पडदेवाले सगळे एकत्र राहायचे आणि एका गावचा मुक्काम संपला की दुसऱ्या गावाला निघायचे. चांगल्या घरच्या स्त्रिया रंगभूमीवर येत नसत. त्यामुळे स्त्रियांच्या भूमिकांसाठी गोड गळ्याची कोवळी मुलं कंपन्यांना लागायची. केशवचा गळा तसा होता. शाळा मात्र जवळजवळ झालीच नाही. तालीम हीच त्याची शाळा.

दहा-बारा वर्षांचा असताना त्याने 'शारदा' गाजवली. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं होतं. पैशाच्या लोभापायी बाप आपल्या कोवळ्या मुलीचं लग्न एका म्हाताऱ्याशी लावायला निघतो, ही त्याची गोष्ट. (बालविवाहाविरुद्ध १९२९ मध्ये झालेला 'सारडा कायदा' या नाटकावरून ओळखला जातो असं पुष्कळांना वाटतं. परवा आमच्या एका सभेतही कुणीतरी तसं बोललं. तसं नाही. तो कायदा मांडणाऱ्या हरबिलास सारडांच्या आडनावावरून ते नाव पडलं आहे.) आता विचार करा, मोठ्यांनी आपल्या फायद्यासाठी वापरलेल्या मुलीचं दुःख गाणारा हा मुलगाही पोटासाठीच तिथे आलेला होता. लोक रडायचे आणि लगेच वन्समोअर द्यायचे. वन्समोअर मिळाला की पोराने पद पुन्हा म्हणायचं, मग रात्रीचे किती वाजले आहेत ते बघायचं नाही. नाटकं रात्रभर चालत.

मोठा झाल्यावर त्या कंपनीत त्यांचं पटेना. आपल्यामुळे गर्दी होते आणि आपल्या हाती काही नाही, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. ते बाहेर पडले आणि जानेवारी १९०८ मध्ये हुबळीला त्यांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची कंपनी काढली. वय होतं सतरा. आपल्याकडे या वयाचं पोरगं बारावीच्या परीक्षेला बसलेलं असतं! हुबळी का, असं मुलं विचारतील. हुबळी, धारवाड, बेळगाव हा सगळा मुलूख मराठी कंपन्यांच्या नेहमीच्या फेरीतला होता. मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्करसुद्धा बेळगावकडचेच.

मालक होणं म्हणजे काय, हे मुलांना सांगताना मी फळ्यावर हिशोबच मांडते. एका बाजूला तिकिटांचे पैसे, ते फक्त ज्या रात्री नाटक होईल त्या रात्रीचे. दुसऱ्या बाजूला रोजचा खर्च : सगळ्या बिऱ्हाडाचं जेवण, पगार, थिएटरचं भाडं, दिवाबत्ती, कपडे, पडदे रंगवणाऱ्याची मजुरी, एवढं सामान आगगाडीने दुसऱ्या गावाला नेण्याचं भाडं. पाऊस लागला, गावात प्लेग आला, नटाचा घसा बसला, तरी चूल पेटवावीच लागते. केशवरावांचं आणखी अवघड होतं, कारण मुख्य गाणं त्यांचं. म्हणजे मालकाचा घसा बसला की कंपनीचं दुकानच बंद. मुलं हा हिशोब फार मन लावून करतात. मी आकडे माझ्या मनाचेच घालते आणि तसं सांगतेही.

या धंद्यात सगळ्यात सोपं काय होतं? जुनी चाललेली नाटकं पुन्हा पुन्हा करायची. 'सौभद्र', 'शारदा', 'मृच्छकटिक' लावलं की लोक येणारच. केशवरावांनी ती केलीच, पोट त्यांच्यावरच होतं. पण त्याचबरोबर त्यांनी नव्या लेखकांवर पैसे लावले. मला त्यांचा खरा मोठेपणा इथे दिसतो, गळ्यापेक्षाही जास्त. १९१२ मध्ये त्यांनी हिराबाई पेडणेकर यांचं 'दामिनी' रंगभूमीवर आणलं. कलावंतिणीच्या घरात जन्मलेल्या बाईने लिहिलेलं नाटक व्यावसायिक कंपनीने करावं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. वीर वामनराव जोशी यांच्या 'राक्षसी महत्त्वाकांक्षा'मध्ये केशवरावांनी मृणालिनीची भूमिका केली. नंतर मामा वरेरकरांचं 'हाच मुलाचा बाप' आलं. त्यात हुंड्यावर कोरडे ओढलेले आहेत. पुढे 'संन्याशाचा संसार' आलं, ते धर्मांतराच्या प्रश्नावर. जरा कल्पना करा, समोर बसलेल्या प्रेक्षकांत कितीजण असे असतील की ज्यांनी महिन्याभरापूर्वीच मुलाच्या लग्नात हुंडा मोजून घेतलाय! तेच तिकीट काढणार आणि त्यांनाच हे दाखवायचं.

गाण्यात ते पुढे रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे शिकले. पल्लेदार, जोरकस गाण्यामुळे त्यांना 'संगीतसूर्य' म्हणू लागले. हळूहळू त्यांनी स्त्री-भूमिका सोडून पुरुष-भूमिका घ्यायला सुरुवात केली.

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचा त्यांना आधार होता. बहुतेक मोठ्या संगीत नाटक कंपन्या त्या वेळी ब्राह्मण मंडळींच्या होत्या. बहुजन समाजातला एक तरुण स्वतःच्या बळावर कंपनी चालवतो, याचं महाराजांना अप्रूप असणारच. खासबाग कुस्तीच्या मैदानाला लागून महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं, ते १९१५ मध्ये सुरू झालं. महाराजांच्या इच्छेवरून केशवरावांनी खासबागेत उघड्यावर 'मृच्छकटिक'चा प्रयोग केला. लाऊडस्पीकर नव्हते. हजारो माणसं बसलेली आणि गळा तेवढा एकच. याच पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचं नाव दिलं गेलं, आणि २०२४ मध्ये आग लागली ती याच वास्तूला.

आता १९२१ सालाकडे येऊ या. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले. त्यांच्या नावाने काँग्रेसने स्वराज्य फंड सुरू केला. त्या वेळी मराठी रंगभूमीवर दोन नावं एकमेकांसमोर उभी होती, ललितकलादर्शचे केशवराव आणि गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व. दोघेही नट, दोघेही मालक. रसिकांमध्ये तट पडलेले. आपल्याकडे क्रिकेटवरून पडतात तसेच समजा. या दोघांनी फंडासाठी एकत्र नाटक करायचं ठरवलं. ८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. तिकीट शंभर रुपयांपर्यंत होतं आणि तरीही थिएटर भरलं. त्या काळातले शंभर रुपये!

'मानापमान'मधला धैर्यधर गरीब आहे, आणि भामिनी श्रीमंत घरची. गरीब म्हणून ती आधी त्याचा अपमान करते. आई दोन वेळच्या जेवणासाठी ज्याला कंपनीत ठेवून गेली होती तो मुलगा धैर्यधर म्हणून उभा होता आणि त्या रात्रीचा सगळा पैसा स्वतःच्या कंपनीत न नेता देशासाठी देत होता. व्यापारी म्हणून पाहिलं तर प्रतिस्पर्ध्याला शेजारी उभं करणं हा धोकाच. रसिक दोघांची तुलना करणार हे त्यांना कळत नसेल काय? पण मराठी रंगभूमीवर आजही या प्रयोगाचं नाव निघतं ते त्यामुळेच.

त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत. विषमज्वराने ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव गेले. वय अवघं एकतीस.

मालक गेला की कंपनी मोडते, असा तेव्हाचा अनुभव. ललितकलादर्श मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती हाती घेतली, वरेरकरांची नाटकं पुढे चालू ठेवली, आणि नंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी ती कितीतरी वर्षं चालवली. २००८ मध्ये संस्थेची शंभरी झाली. मालकाचं मोजमाप करायचं तर मी यावरून करीन.

शेवटी माझी एक चूक सांगते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. पहिल्यांदा हा पाठ घेतला तेव्हा मी उत्साहात सांगून टाकलं की केशवराव शाळा न शिकताही एवढे मोठे झाले. आमच्या शाळेतली काही मुलं दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यातला एक मुलगा फार छान गातो. मधल्या सुट्टीत तो येऊन मला म्हणाला की मग आता गेलो तरी चालेल ना बाई. मला काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी मी पाठ पुन्हा घेतला. केशवबरोबर त्या कंपन्यांमध्ये आणखी किती मुलं असतील, असं विचारलं. मुलांनी अंदाज केले, दहा, वीस, पन्नास. त्यातल्या किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत? वर्ग गप्प झाला. आवाज फुटल्यावर त्या मुलांचं काय झालं असेल, यावर मुलांनी बराच वेळ बोलणं केलं. तो मुलगाही बोलला.

यंदा तो दिवाळीनंतर आजीकडे थांबला आहे. त्यासाठी त्याच्या वडिलांकडे तीनदा जावं लागलं. ९ ऑगस्टच्या परिपाठात नाट्यपद त्यानेच म्हणायचं, असं वर्गाने ठरवलंय. पेटी वाजवणारं कुणी मिळतंय का, ते मी बघतेय. तुमच्यापैकी जवळपास कुणी वाजवत असेल तर जरूर कळवा.